पॉलिहाऊसमध्ये पिवळी साडी नेसून येऊ नका

पॉलिहाऊस, म्हणजे प्लास्टिकच्या छपराखालची नि जाळीने बंद केलेली शेती, म्हटलं की आमच्या नातेवाइकांचा एक ठरलेला प्रश्न असतो, अगं चहूबाजूंनी बंद असतं ना ते, मग कीड लागतेच कशी? लागते बाई, आणि बाहेरच्या शेतापेक्षा जोरात लागते. बाहेर पाऊस पानं धुऊन काढतो, वारा असतो, लेडीबर्ड नि चिमण्या येऊन जातात, आत यातलं काही नाही, आत ऊब आहे, कोवळी पानं आहेत आणि खाणारं कुणी नाही. माव्याला, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडीला, तर नरसुद्धा लागत नाही, मादी सरळ पिल्लंच घालते, त्यामुळे एखादी जरी शिरली तरी खानदान तयार.

आमचं पॉलिहाऊस इंदूरजवळ महूच्या बाजूला, आत काकडी आणि शिमला मिरची. दीर आणि हे लागवड, पाणी, खत बघतात, माझ्याकडे हिशेब आणि किडी. किडी कुणालाच बघायच्या नव्हत्या म्हणून माझ्याकडे आल्या, पण आता मला त्यात मजा येते हे खरं.

माळव्यात मोठी डोकेदुखी म्हणजे पांढरी माशी, आणि तिचं कॅलेंडर आपलं नाही, सोयाबीनचं आहे. सगळीकडे सोयाबीन, पिवळ्या मोझॅकचा रोग पसरवते तीच ही माशी, आणि सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन वाळायला लागलं की तिला हिरवं काहीतरी हवं असतं, तेव्हा हिरवंगार कोण तर आमची काकडी. म्हणून दसऱ्याच्या आसपास दारावर जास्तीत जास्त लक्ष. डबल दार आहे, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, पण क्रेट हातात असले की माणसं दोन्ही दारं वीट लावून उघडी ठेवतात आणि मग संध्याकाळी विचारतात, भाभीजी ये सफेद मक्खी कहाँ से आ गई.

जाळीचं पण एक गणित आहे. पांढरी माशी अडवायला भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडं लहान लागतं, फुलांत लपणाऱ्या फुलकिड्यांसाठी ०.२ मिमीच्याही आत. मग सगळीकडे बारीकच लावा की, असं वाटतं, पण भोक जितकं बारीक तितकी हवा कमी, आणि इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा गेला की आत भट्टी होते, फुलं गळतात. आम्ही पांढऱ्या माशीपुरतीच जाळी लावलीय, फुलकिडे येणार हे धरूनच चालतो.

आणि हो, पिवळी साडी. पांढरी माशी आणि मावा पिवळ्या रंगाकडे ओढले जातात, म्हणूनच तर पिवळे चिकट सापळे लावतात. आमच्या मोठ्या जाऊबाई एकदा हळदीकुंकवाहून थेट आल्या, मस्त पिवळीधमक साडी, आधी बाहेरच्या भाज्यांमधून फिरल्या नि मग आत यायला निघाल्या, पदरावर बारीक पांढरे ठिपके बसलेले. मी दारातच अडवलं, त्या अजून रागावलेल्या आहेत.

सापळा शेंड्याच्या जरा वर टांगायचा, वेल वाढला की सापळाही वर. फुलकिड्यांसाठी निळा. पण सापळे लावून कीड संपत नाही, ते फक्त सांगतात की कुठल्या कोपऱ्यात किती आलीय, आमच्याकडे नेहमी दाराजवळचा सापळा आधी भरतो. खरं काम पान उलटं करून बघणं. पांढऱ्या माशीची पिल्लं पानाच्या खालून चिकटून बसतात, हलत नाहीत, खवल्यासारखी दिसतात, नखाने खरवडली तर निघतात. फुलकिडे बघायचे असतील तर फूल पांढऱ्या कागदावर झटकायचं, मग बारीक पिवळट रेघा पळायला लागतात. लाल कोळी म्हणजे पानांतला रस शोषणारा ठिपक्याएवढा जीव, त्याच्यासाठी दहापट भिंग लागतं, आणि कोळी हा कीटक नाहीच, आठ पायांचा प्राणी आहे. इथेच दुकानात गडबड होते. कोळी लागलाय सांगितलं तरी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक हातात ठेवतात, त्याने कोळी मरत नाही, त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात आणि कोळी अजून वाढतो.

दुसरी गंमत म्हणजे औषध बदलून बदलून मारा असं सगळे सांगतात, म्हणून लोक या वेळी इमिडा, पुढच्या वेळी ॲसिटामिप्रिड, मग थायामेथोक्झाम मारतात आणि वाटतं बदललं. तिन्ही एकाच गटातली आहेत, म्हणजे किडीवर एकाच तऱ्हेने काम करतात, किडीला काही फरक पडत नाही, ती सरावते. बाटलीवर नाव काय आहे ते नका बघू, गट कुठला ते बघा. आणि काकडीचा तोडा एक दिवसाआड असतो, औषधाच्या लेबलवर अमुक दिवस थांबा लिहिलेलं असतं, मग ती मधली काकडी कुठे जाते? चोइथराम मंडीतच जाते ना. म्हणून मी शक्यतो निंबोळी अर्कावर भर देते, संध्याकाळी, कारण उन्हात तो लवकर निकामी होतो, आणि नोझल पानाच्या खालून वर. किडीवर वाढून तिला मारणाऱ्या लेकॅनी बुरशीचं पाकीट पावसाळ्यात छान काम करतं, तिला ओल लागते, एप्रिलमध्ये मारणं म्हणजे पैसे उडवणं.

बाहेरच्या देशातले लोक मित्रकीटक विकत आणून सोडतात. १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या एका टोमॅटोवाल्याला पांढऱ्या माशीच्या खवल्यांत काही काळे दिसले, बघितलं तर आत एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी वाढत होती, तिथून ते सगळं सुरू झालं. पण ती त्यांच्या काचघरातल्या माशीवर चालते, आपल्या सोयाबीनवाल्या माशीवर तितकी नाही.

आपल्या इंदुरातही एक इंग्रज शेतीतज्ज्ञ साहेब होते, अल्बर्ट हॉवर्ड, १९२४ पासून इथल्या संस्थेत कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. त्यांचं म्हणणं होतं की कीड हे शेतकऱ्याचे प्रोफेसर, पीक चुकीचं वाढवलंय ते दाखवायला येतात. मला हे अर्धं पटतं. युरिया जास्त झाला की पानं लुसलुशीत होतात आणि मावा आधी तिथेच बसतो, हे मी समोर बघितलंय, दिरांना मी हेच सांगते आणि ते ऐकत नाहीत. पण बंद घरात निसर्ग आपलं काम करेल म्हणून वाट बघत बसणं जमत नाही, कारण निसर्ग आपणच जाळीबाहेर ठेवलाय.

सगळ्यात स्वस्त उपाय मे महिन्यात. पीक काढून टाकायचं, गवताची एक काडी आत ठेवायची नाही, बाहेरचं गाजरगवतही उपटायचं, माती भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक आणि बाजूचे पडदे खाली. आतल्या आत उकाडा होतो, खायला पान नाही, मातीत कोषात असलेले फुलकिडेही जातात. दोन-तीन आठवडे रिकामं ठेवायचं, एवढंच. दीर म्हणतात वहिनी, वेल चालू आहे, अजून दोन तोडे तर निघतील. हे गप्प बसतात. मी एप्रिलमध्येच प्लास्टिकची ऑर्डर देऊन ठेवलीय.