आमची वाटचाल : काजू, कागद आणि खरी किंमत

१९९८ साली मस्जिद बंदरला पोटमाळ्यावरच्या खोलीत आम्ही कस्टम क्लिअरिंगचा, म्हणजे आयातीचा माल कस्टममधून सोडवून देण्याचा व्यवसाय सुरू केला. गावाकडच्या ओळखीमुळे वेंगुर्ला, सावंतवाडीच्या काजू कारखानदारांचं काम मिळालं. टांझानिया, आयव्हरी कोस्टचा कच्चा काजू न्हावा शेव्याला उतरायचा. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमला द्यायचा तपशील, भरून तो आम्ही सोडवायचो.

२००० च्या जूनमध्ये परकीय चलनाचा फेरा हा जुना कडक कायदा जाऊन फेमा हा नवा कायदा लागू झाला. परदेशी पैसे पाठवण्याची कटकट कमी झाली, ते योग्यच झालं. पण पुढे एक वेगळीच मागणी येऊ लागली. माल आफ्रिकेतून थेट मुंबईला येणार, बिल मात्र दुबईच्या कंपनीचं. असा त्रयस्थ व्यापार कायदेशीर असतो. गोम किमतीत असते. आफ्रिकेत टनाला हजार डॉलर दाखवलेला माल दुबईच्या बिलावर चौदाशेचा होतो. दुबईची ती कंपनी आडून आयातदाराचीच असली, तर वरचे चारशे आपल्या बँकेतून, शिक्क्यानिशी, बाहेर जाऊन राहतात. शुल्क कमी असलेल्या मालावर किंमत फुगवली तर जादा शुल्क किरकोळ, आणि इथला नफा कागदावर घटल्याने आयकर वाचतो. तिकडे भाव कमी दाखवला असेल तर शेतकऱ्याच्या देशाचाही कर बुडतो. अंकटाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार आफ्रिकेतून दरवर्षी सुमारे ८८.६ अब्ज डॉलर अशा आणि इतर मार्गांनी बेकायदा बाहेर जातात. त्यात शाळा, दवाखाने गेले, याची मला मनापासून चीड येते.

हे चालतं, कारण मधली कंपनी नेमकी कोणाची हे शोधायला तीन देशांनी कागद द्यावे लागतात. ज्याच्याकडे वकील आणि बाहेर कंपनी काढण्याइतका पैसा आहे, तो कस्टमशी किमतीचा वाद ट्रिब्युनलपर्यंत नेतो. छोट्याचा कंटेनर अडला की डेमरेज, म्हणजे माल अडकल्याचं भाडंच, त्याला खातं. तो निमूटपणे वाढीव शुल्क भरतो. मग तोच विचारतो, "आम्हीच का एक नंबरात राहायचं?" मोठ्यांना मिळणारी सूट अशी खालपर्यंत झिरपते.

आम्ही अशी कामं नाकारली. काही मोठे आयातदार सोडून गेले, दोन मुलांचे पगार काढणं जड गेलं. टिकले ते कारखानदार, ज्यांना बँकेचं कर्ज हवं होतं आणि त्यासाठी स्वच्छ हिशेब.

आज नवा आयातदार आला की आम्ही मूळ देशातलं बिल मागतो, त्या आठवड्याचा काजूचा बाजारभाव पाहतो आणि मधल्या कंपनीचा मालक कोण, ते लेखी घेतो. उत्तर मिळालं नाही तर फाइल उघडत नाही.