४९ रुपयांचं पुस्तक

काल रात्री ३९९ चं ई-बुक ४९ ला दिसलं. म्हटलं, सकाळी वाशी लोकलमध्ये निवांत घेऊ. ऐरोलीला बसायला जागा मिळाली, मोबाईल उघडला, तर पुन्हा ३९९! एका दिवसाची सवलत मध्यरात्रीच संपली होती. घणसोली येईपर्यंत स्वतःवरच चरफडत होते.

मग जरा डोकं चालवलं. हवी ती पुस्तकं विशलिस्टमध्ये टाकून ठेवली. आता सकाळी चहा उकळेपर्यंत तेवढीच यादी बघायची, सगळं दुकान धुंडाळायचं नाही. आणि आधी फुकटचा नमुना वाचायचा. गेल्या महिन्यात २९ रुपयांत घेतलेल्या एका पुस्तकात अर्धी जोडाक्षरं फुटलेली होती, वेलांट्या भलतीकडेच. स्वस्त पडलं म्हणून कोणाला सांगायचीही सोय नाही.

जुनी पुस्तकं तर विकत घ्यायच्या आधी शोधावीत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या पुस्तकांवरचा कॉपीराइट संपतो, त्यामुळे कितीतरी मराठी पुस्तकं विकिस्रोत या संकेतस्थळावर कायदेशीरपणे फुकट मिळतात. सवलतीतही त्यांना पैसे कशाला?

संध्याकाळी आईला कौतुकाने विकत घेतलेल्या ई-बुकांची यादी दाखवली. ६३ पुस्तकं, वाचून झालेली ११. आई १८९३ पासूनच्या आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची जुनी सभासद. चष्मा वर करून म्हणाली, "अगं, आमच्याकडे पुस्तक वेळेत परत द्यावं लागतं, म्हणून वाचून होतं."

उरलेली ५२ आज रात्रीपासून. (४९ वालं परत आलं तर मात्र घेणार.)