समासातली दोन अक्षरं

मिरग लागला की आमच्या वाचनालयात पहिलं काम पुस्तकं पुसायचं. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या किनाऱ्यावरचं हे गाव. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण त्याची गाज दिवसभर ऐकू येते, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच कपाटं आतून दमट लागायला लागतात. कापडी बांधणीच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते. कोरडा सुती फडका घ्यायचा, एकेक पुस्तक उघडायचं, पानं भराभर फिरवायची, कसर दिसली तर झटकायची, कप्प्यात डांबरगोळ्या टाकायच्या. एकोणीस वर्षं मी हे करते आहे. गेल्या वर्षी, २०२५च्या जूनमध्ये, त्या दिवशी १५८चं कपाट काढलं होतं.

१५८ म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणातलं उपयोजित मानसशास्त्र. सभासद त्याला ‘मोटिवेशनचं कपाट’ म्हणतात. मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३, आणि ती कपाटं समोरच्या भिंतीला आहेत. मी इथे लागले तेव्हा १५८ला अर्धा कप्पा पुरायचा, आता पूर्ण कपाटही पुरत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर काढून झापांनी शाकारलेल्या असतात, माणसं घरी असतात, त्यामुळे या दोन महिन्यांत आमची देवघेव सगळ्यात जास्त. आणि येणारा दर तिसरा माणूस विचारतो, “नवीन काय चांगलं आहे?”

त्यासाठी दाराजवळच्या फळ्यावर मी दर महिन्याला यादी लिहिते. एका बाजूला कथा-कादंबऱ्या, दुसऱ्या बाजूला स्वमदतीची पुस्तकं. त्या महिन्यात डाव्या बाजूला कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ होती (२०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार), नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’, प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’. उजवीकडे जेम्स क्लिअर यांचं ‘अॅटॉमिक हॅबिट्स’, ‘इकिगाई’, मॉर्गन हाउझेल यांचं ‘द सायकॉलॉजी ऑफ मनी’, सगळी मराठी अनुवादात. मे महिन्यात बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं होतं, तेही लोक विचारत होते. ते आमच्याकडे नव्हतं.

‘अॅटॉमिक हॅबिट्स’ची आमची एकच प्रत. फिरून फिरून कोपरे मऊ झालेले. मूळ इंग्रजी पुस्तक २०१८चं. सुरुवातीलाच त्यात एक आलेख आहे. रोज एक टक्का सुधारलात तर वर्षाअखेरी तुम्ही जवळजवळ सदतीस पट पुढे असता, रोज एक टक्का घसरलात तर शून्याच्या जवळ पोचता. एक रेष वर उसळलेली, दुसरी खाली सपाट होत गेलेली. फडका फिरवताना तेच पान उघडलं. खालच्या रेषेला शिसपेन्सिलीने बाण काढला होता आणि बाणाशी लिहिलं होतं, ‘मी हय आसंय.’

पुस्तकात लिहिलेलं मला खपत नाही. फळ्याच्या वर तशी पाटीच आहे. मी खोडरबर घेतलं, आणि मग बाणाच्या खाली निळ्या शाईत दुसरं अक्षर दिसलं. ‘मीही. १४ मार्चपासून.’

खोडरबर बाजूला ठेवलं आणि खुर्चीत बसून पान न् पान बघत गेले. पेन्सिल पहिल्या तीस-चाळीस पानांत ओळीमागून ओळ अधोरेखित करत गेली होती, अगदी पट्टी लावून, परीक्षेचा अभ्यास करावा तशी. मग रेघा विरळ झाल्या. मग थेट दोन मिनिटांच्या नियमापाशी पुन्हा पेन्सिल. तो नियम असा की नवी सवय सुरू करताना ती दोन मिनिटांत होईल इतकी लहान ठेवायची. वाचायची सवय हवी तर एक पान वाचा, एवढंच. समासात पेन्सिलीने विचारलं होतं, ‘आणि दोन मिन्टानंतर काय?’ त्याच्याखाली निळी शाई. ‘मी सकाळी दोन मिनिटं अंगण झाडते. बाकीचं अंगण उरतं. उरू दे.’

पुढे कुठेच काही नव्हतं. शेवटची पानं तर एकमेकांना चिकटलेली, कुणी उघडलेलीही नव्हती.

निळं अक्षर कोणाचं ते शोधायला मला नोंदवही लागली नाही. ‘सकाळी’ या शब्दातला तो ‘ळ’, दोन्ही गाठी सारख्या आणि शेपूट किंचित वर वळलेलं. चौथीत असताना हाच ‘ळ’ मी पाटीवर शंभर वेळा गिरवला आहे. आमच्या बाई. मार्चमध्ये त्यांचे यजमान गेले. आयुष्यभर कादंबऱ्या वाचणाऱ्या बाईंनी एप्रिलमध्ये पहिल्यांदा १५८च्या कपाटातून पुस्तक मागितलं, तेव्हा मला नवल वाटलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “गोष्टीत आता मन रमत नाही गं. कुणीतरी सरळ सांगणारं दे. उठ, हे कर, ते कर.”

पेन्सिलीचा मात्र शोध घ्यावा लागला. बाईंच्या आधीची नोंद एका तांडेलाच्या, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशाच्या, नावावर होती, आणि ते पुस्तक मी कुणासाठी दिलं होतं ते लगेच आठवलं. त्याचा मुलगा वैद्यकीय प्रवेश परीक्षेला दोनदा बसला, दोन्हीदा राहिला, कोल्हापूरचा क्लास सोडून घरी आला आणि पडवीतून हलेना. तांडेल काउंटरपाशी येऊन म्हणाला होता, “मॅडम, पोराक जरा उभारी येयत असा कायतरी द्या.” मी फळ्याकडे बघितलं, उजव्या बाजूचं पहिलं नाव उचललं आणि दिलं.

चूक माझी होती, आणि ती मला त्या आलेखाच्या पानावर दिसली. पुस्तक खोटं नाही. सवयीबद्दल त्यात आहे ते नेमकं आहे, वापरण्याजोगं आहे. बाईंना ते उपयोगी पडलं, कारण त्यांना सकाळी अंथरुणातून उठायचं काहीतरी कारण हवं होतं. पण दोन वर्षं पहाटे चारला उठून अभ्यास केलेल्या मुलाकडे सवयी भरपूर होत्या. सगळ्या पाळूनही तो राहिला होता. त्याला मी पुन्हा वेळापत्रक दिलं. मुलगा कधी समोर आला नव्हता, मी त्याला काही विचारलं नव्हतं, बापाच्या एका वाक्यावर पुस्तक निवडलं होतं. डॉक्टर रोग्याला न बघता गोळी देत नाही.

तांडेलाला मी फोन केला आणि नवीन पुस्तकं आली आहेत, मुलाला पाठवा, एवढंच सांगितलं. येईल असं वाटलं नव्हतं. चारच्या सुमारास कोसळणाऱ्या पावसात तो आला. दारात चप्पल काढून पायरीवर पाय घासत उभा राहिला. उंच, खांद्यात वाकलेला. मी ते पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं, आलेखाचं पान उघडून.

त्याचे कान लाल झाले. “माझाच अक्षर आसा. रबर द्या, पुसतंय.”

“खालचं वाच आधी.”

त्याने वाचलं. मग दोन मिनिटांचं पान काढून दिलं, तेही वाचलं. बराच वेळ तो त्या निळ्या ओळींवर बोट ठेवून होता. शाई सुकलेलीच होती, पण ओली असल्यासारखा हलक्या हाताने.

“हा कोण?”

“कोण काय वाचतं ते आम्ही सांगत नाही. तुझंही कुणाला सांगितलेलं नाही.”

त्याने मान हलवली, पुन्हा विचारलं नाही. मी विचारलं, घरी दिवसभर काय करतोस? तो म्हणाला, कायच नाय. आईबरोबर आजोळी जाऊन आलास का? तर म्हणाला, आजोळ पाण्यात गेलं. आईचं माहेर दोडामार्गकडचं, तिलारी धरणात बुडालेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर उभं राहून आई बोटाने दाखवते, इथे तुळस होती, इथे गोठा. हे सांगताना तो पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलला.

मी उठले आणि ८९१.४६३मधून ‘रिंगाण’ काढली. फळ्यावर ती डाव्या बाजूला पहिलीच होती, त्याच्या बापालाही दिसली असती, मलाही. धरणामुळे उठलेलं गाव, आणि मागे जंगलात राहिलेल्या म्हशीला आणायला निघालेला माणूस. इतकंच मी सांगितलं. यातून शिकायचं काय, ते सांगितलं नाही.

“परीक्षेत यता काय ह्यातला?” त्याने विचारलं. खरंच विचारलं, मला वाटतं सवयीने.

“नाही.”

तो काउंटरला टेकून उभ्या उभ्या वाचायला लागला. भाषा कोल्हापूरकडची, सुरुवातीला दोन-तीनदा अडखळला असावा, ओठ हलत होते. मी माझी पुस्तकं पुसत राहिले. लाईट गेली तेव्हा तो खिडकीशी सरकला. साडेपाचला बघितलं तर बाकावर बसला होता, पाय वर घेऊन, खांद्यावरचा ओला शर्ट तसाच. पावसाचा जोर कमी झाल्यावर त्याने दोन्ही पुस्तकं काउंटरवर ठेवली.

“ह्या पण परत देशात?” सवयींच्या पुस्तकावर बोट ठेवून त्याने विचारलं.

एका कार्डावर एकच पुस्तक असा नियम आहे. बापाच्या कार्डावर ‘रिंगाण’ लिहिली आणि दुसऱ्यासाठी त्याच्याकडून नवीन सभासदाचा अर्ज भरून घेतला. अर्जात व्यवसायाचा रकाना असतो. तिथे पेन थांबलं. मी म्हटलं, तो रिकामा ठेवला तरी चालतं. त्याने रिकामा ठेवला. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत धरली आणि निघाला. जाताना काउंटरवरची माझी पेन्सिल मागितली. पुस्तकात लिहू नये ही पाटी त्याच्या डोक्यावरच होती. मी दिली.

वाचनालय बंद करायच्या वेळेला बाई आल्या, छत्री दारात निथळत ठेवून. परतीचं पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि नजर सरळ १५८च्या कपाटाकडे. कप्पा पुसून स्वच्छ होता, त्यात एक जागा रिकामी.

“ते सवयींचं पुस्तक कुणी नेलं का गं?”

“नेलं, बाई. आजच.”

“आधी ज्याने नेलं होतं त्यानेच?”

मी काही बोलले नाही. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

“बरं. मग मला कादंबरी दे एखादी,” त्या म्हणाल्या. “जाडशी दे. पाऊस लागलाय.”