तुम्ही विचारलंत म्हणून: रेसच्या फोटोंना कोणती लेन्स?

"दादा, बाईक रेसचे फोटो काढायचेत. 150-600 मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घेऊ का?" हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की उत्तर पाठ झालंय. विचारणाऱ्यानं मनात ती लेन्स आधीच घेतलेली असते, माझ्याकडून फक्त 'घे' ऐकायचं असतं. मी म्हणतो, 70-200 घ्या, एफ 2.8 वाली (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त घेते), सेकंड हँड. पोरगं हिरमुसतं.

मी जालन्याचा. पोट लग्नाच्या फोटोंवर, जीव मातीतल्या रेसवर. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट घ्या. तिथं तुमच्यात आणि गाडीत जाळी, रिकामी जागा, बरंच अंतर असतं. तिथं 400-500 मिलिमीटर लागतेच, वाद नाही. आमच्याकडं माळावर जेसीबीनं उंचवटे उठवलेले, कडेनं दोरी, आणि दोरीपासून दहा-पंधरा मीटरवर मी. पंधरा मीटरवरून 600 ला फुल फ्रेमवर (मोठ्या, 36 मिलिमीटर रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) जेमतेम नव्वद सेंटिमीटर रुंदीचं मावतं, म्हणजे हेल्मेट आणि हँडल. मग दिवसभर 150 वरच अडकून राहायचं, तर पुढचं ओझं गळ्यात कशाला?

लांबचं टिपू म्हणाल, तर आपल्याकडचं ऊन आडवं येतं. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर काळी जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरायला लागते. शंभर मीटरवरची बाईक या हवेतून पाण्यात पडलेल्या सावलीसारखी दिसते. एका पोरानं नवीकोरी लांब लेन्स फोकस बिघडलाय म्हणून दुरुस्तीला पाठवायची तयारी केली होती. त्याला म्हटलं, उद्या सकाळी सातला ये आणि हाच फोटो काढ. आला, काढला. नंबर प्लेटवरचा चिखलसुद्धा दिसत होता. ही हवा कापून जाणारी लेन्स कुठल्याच कंपनीनं अजून काढलेली नाही. जवळ जाणं एवढाच उपाय, आणि तोही दोरीच्या अलीकडूनच.

आता एफ 2.8. बहुतेकांना वाटतं, मोठं अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं भोक) म्हणजे रेसचा फोटो आपोआप भारी. भर दुपारी तसं नसतं. शटर 1/1000 सेकंदापेक्षा जलद ठेवलंत तर हवेत उडालेली बाईक छान थांबते, पण जमिनीवरची स्टँडला लावल्यासारखी दिसते. चाकाच्या आऱ्या मोजून घ्या. वेग दाखवायचा तर 1/100 च्या आसपास यायचं आणि गाडीबरोबर कंबर फिरवत पॅनिंग करायचं. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) 100 ला तेव्हा अ‍ॅपर्चर एफ 16 वर जातं. म्हणजे 2.8 चे पैसे दिले आणि काम 16 वर! तरी मी 2.8 च घ्या म्हणतो. एक म्हणजे, माझ्या जुन्या डीएसएलआरमध्ये फोकस होताना लेन्स पूर्ण उघडीच असते, त्यामुळे ऑटोफोकसला जास्त उजेड मिळतो. आणि खरी गरज दिवे लागल्यावर. फ्लडलाइटखाली मी 1/800 ला आयएसओ 3200 वर निभावतो, तिथं एफ 5.6 वाल्याला 12800 करावा लागतो. चौपट उजेडाचा फरक आहे तो. याच लेन्सनं लग्नाच्या मांडवातही फ्लॅश न मारता नवरीच्या डोळ्यातलं पाणी टिपता येतं. खरं सांगायचं तर माझ्या लेन्सचे पैसे रेसनं नाही, दोन लग्नसराईंनी फेडले.

झूमच का? मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीचा कायदा कायम ठेवला, तेव्हापासून शंकरपटाच्याही (आमच्याकडच्या बैलजोडीच्या शर्यतीच्या) ऑर्डरी येतात. जोडी समोरून येते तेव्हा 200 वरून 70 वर यायला हातात दोन-तीन सेकंद असतात. फिक्स, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सवाला तेवढ्यात फक्त मागं पळू शकतो.

फुफाट्याचं मात्र कुणी विचारत नाही. काही झूम लेन्स फिरवल्या की नळी बाहेर येते. दर वेळी आत-बाहेर होताना ती हवा ओढते, आणि हवेबरोबर माळावरची माती. म्हणून झूम करताना लांबी न बदलणारी बघा. पुढं साधा यूव्ही फिल्टर (लेन्सवर बसणारी पारदर्शक काच) लावा. धूळ बसली तर आधी फुगारीनं (हवा मारायच्या रबरी फुग्यानं) उडवा, रुमाल शेवटी. शर्टाच्या टोकानं पुसणारा माणूस मला लांबूनच ओळखू येतो.

सेकंड हँड घेताना मी एकदा आपटलोय. समुद्राकाठच्या शहरातल्या एका दुकानातून लेन्स मागवली, फोटोत चकाचक. घरी मागच्या बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारून पुढून बघितलं, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. परत घ्यायला त्यानं साफ नकार दिला. तेव्हापासून टॉर्च मारल्याशिवाय पैसे देत नाही.

एवढे पैसे नसतील तर आधी एका रविवारसाठी भाड्यानं आणा. फक्त मातीतल्या रेसला नेतोय हे मालकाला आधीच सांगा. तो डिपॉझिट वाढवेल, वाढवू द्या.