घरी क्रिओल, देवापुढे मराठी

महाराष्ट्रातून मॉरिशसला आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने मला एक प्रश्न विचारला आहे. कोणी तो संकोचून विचारतो, कोणी थेट विचारतो. पुण्यात शिकायला आले तेव्हा घरमालकीणबाईंनी तो पहिल्याच आठवड्यात विचारला होता. "तुमच्या घरी मराठी बोलत नाहीत ना? मग तुम्ही मराठी कशा?" आता तुम्हीही तोच विचारलात. आजवर मी या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देत आले आणि प्रत्येक वेळी काहीतरी राहून गेल्याची रुखरुख लागली. आमच्या बेटाचा इतिहास आणि आजचे राजकारण सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर पुरे होत नाही, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

आमच्या घरी क्रिओल बोलतात, हे अगदी खरे आहे. माझी आई मला जेवायला हाक मारताना "विन मांझे" म्हणायची आणि मीही माझ्या मुलीला तशीच हाक मारते. ही भाषा बेटावर जन्मली. १५९८ मध्ये डच इथे उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचे, मॉरित्सचे, नाव बेटाला दिले. ऊस त्यांनीच जावाहून आणला, पण १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले आणि त्यांनी मोझांबिक, मादागास्कर अशा ठिकाणांहून हजारो माणसे गुलाम म्हणून आणली. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या या माणसांनी मालकांच्या फ्रेंचमधून आपली अशी एक बोली घडवली, ती क्रिओल. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले खरे, पण शरणागतीच्या अटींमध्ये रहिवाशांचे कायदे, धर्म आणि रीतीरिवाज तसेच राहू देण्याचे मान्य केले. त्यामुळे कागदोपत्री इंग्रजी, वर्तमानपत्रांत आणि प्रतिष्ठितांच्या बैठकीत फ्रेंच, आणि शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात क्रिओल अशी जी विभागणी तेव्हा पडली, ती बरीचशी आजही टिकून आहे.

आमचे पूर्वज या रचनेत नंतर आले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अॅटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये मजुरी आणि शिधा. एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत असे सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्या धक्क्याला पूर्वी कुली घाट म्हणत. आता त्याचे नाव आप्रवासी घाट आहे आणि २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या चढून गेल्यावर मजुरांची नोंद होई. बहुतेक लोक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून कलकत्तामार्गे आले, त्यांच्याखालोखाल मद्रासमार्गे तमिळ आणि तेलुगू आले. मुंबईहून आलेले सर्वांत कमी, आणि त्यांच्यात मोठा भरणा कोकणातल्या लोकांचा होता.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या नोंदींच्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. विद्यार्थिदशेत मी माझ्या पणजोबांच्या वडिलांची नोंद तिथे शोधली. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण, कोणत्या मळ्यावर पाठवले, इतकेच त्या ओळीत होते. जिल्हा रत्नागिरी होता. गावाचे नाव मात्र इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले होते आणि त्यावरून खरे गाव कोणते, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. आडनावाचा रकानाच नव्हता. आमच्याकडे पहिल्या पिढीतल्या माणसाचे पाळण्यातले नाव पुढे सगळ्या घराण्याचे आडनाव झाले; म्हणून इथे तुम्हाला बाबाजी किंवा गणू ही आडनावे भेटतात आणि तुम्हाला ती विचित्र वाटतात. ज्या माणसाने समुद्र ओलांडला, त्याचेच नाव आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लावतो, असा त्याचा अर्थ मी घेते.

मळ्यावरच्या वस्तीत मराठी बोलणारी घरे थोडी होती. भारतीयांची आपसातली भाषा भोजपुरी झाली, म्हणून आमच्या लोकांनी आधी भोजपुरी आत्मसात केली आणि पुढे क्रिओल. मराठी टाकून दिली असे मात्र झाले नाही. तिची जागा बदलली. माझी आजी शेजारणीशी भोजपुरीत बोलायची, आमच्याशी क्रिओलमध्ये आणि देवाशी मराठीत. तिला देवनागरी येत नव्हती. तिच्या आरत्यांची वही रोमन लिपीत होती आणि तीही फ्रेंच शाळेत शिकवलेल्या अक्षरवळणाने लिहिलेली. पुण्यात ती वही मी एका प्राध्यापकांना दाखवली तेव्हा त्यांना ती वाचता येईना. मी मोठ्याने वाचू लागले आणि दुसऱ्या ओळीपासून ते माझ्याबरोबर म्हणू लागले. लग्नाआधीचा गोंधळ, भाद्रपदातला गणपती, मोदक हे सारे याच वाटेने आमच्यापर्यंत पोहोचले. हेन्रिएटा गावातल्या एका कुटुंबाने १८९६ मध्ये गणेशपूजा सुरू केली आणि बेटावरचा तो पहिला गणेशोत्सव मानला जातो. आज गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते.

इथवरची हकीकत संस्कृतीची झाली. आता राजकारणाकडे वळते, कारण ते वगळले तर आमच्या मराठीपणाचा निम्मा भाग तुम्हाला कळणार नाही. मॉरिशसमध्ये पूर्वजांच्या भाषेने माणसाला मताचा अधिकार मिळवून दिला आहे. १९४८ पर्यंत मतदार होण्यासाठी मालमत्तेची अट होती आणि चार लाखांहून अधिक वस्तीच्या बेटावर मतदार होते सुमारे १२ हजार. नव्या घटनेने साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांना मताधिकार दिला आणि ही परीक्षा इंग्रजी-फ्रेंचबरोबरच हिंदुस्थानी, तमिळ, तेलुगू यांसारख्या भाषांतही देता येत होती. समाजसेवक बासदेव बिसुनदयाल यांच्या स्वयंसेवकांनी गावोगावच्या बैठकांमध्ये, म्हणजे संध्याकाळी भरणाऱ्या लोकांच्या शाळांमध्ये, उसाच्या मळ्यातून परतलेल्या स्त्री-पुरुषांना अक्षरे गिरवायला शिकवले. मतदारांची संख्या ७१ हजारांवर गेली आणि १९४८ च्या निवडणुकीने बेटाचे राजकारण बदलून टाकले. ज्या समाजाने दिव्याच्या उजेडात अक्षर गिरवून मत मिळवले, त्याला पूर्वजांची भाषा घरी बोलली जात नाही म्हणून ती आपली नाही, असे कसे वाटेल?

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. दांडीयात्रेची स्मृती म्हणून हा दिवस निवडला होता. त्याआधीच्या, १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधातील पक्षाला पडली होती, कारण भारतीय वंशाच्या बहुसंख्येखाली आपले काय होईल, अशी धास्ती अनेकांना होती. ही धास्ती शमवण्यासाठी घटनेत जी तरतूद ठेवली गेली तिला आम्ही 'बेस्ट लूझर' पद्धत म्हणतो. ६२ सदस्य निवडून येतात आणि पराभूत उमेदवारांतून जास्तीत जास्त आठ जणांना समाजांचा समतोल राखण्यासाठी संसदेत घेतले जाते. त्यासाठी घटनेने चार समाज मानले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि 'सर्वसाधारण लोक'. हा हिशेब अजूनही १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणे बंद झाले. घटनेच्या या हिशेबात आम्ही मराठी हिंदूंमध्येच मोडतो. पण प्रत्यक्ष राजकारणात मराठी, तमिळ, तेलुगू असे वेगळे गट मानले जातात, प्रत्येकाची भाषिक संस्था कायद्याने स्थापन होते आणि मंत्रिमंडळ बनताना त्यात आपले कोण आहे, हे प्रत्येक समाज पाहतो. भाषा किती नाजूक विषय आहे याचा प्रत्यय १९९८ मध्ये आला. नव्या नोटांवर तमिळ आणि हिंदी मजकुरांचा जुना क्रम उलटला गेला, तमिळ समाज संतापला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. ज्या तमिळ कुटुंबांनी निषेध केला, त्यांतली बहुतेक घरी क्रिओलच बोलत होती. तरीही त्यांची वेदना खरी होती, असे मला मनापासून वाटते.

या व्यवस्थेने मला शिक्षिकेची नोकरी दिली, मराठीला सरकारी प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात तास मिळवून दिला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण तिच्यातला अन्याय न सांगता उत्तर पुरे केले तर मी तुमची दिशाभूल केल्यासारखे होईल. 'सर्वसाधारण लोक' म्हणजे कोण, तर जे आपल्या जीवनपद्धतीवरून बाकीच्या तिन्हींपैकी कोणत्याही समाजाचे वाटत नाहीत ते, अशी घटनेची व्याख्या आहे. गुलामांचे वंशज त्यात येतात. आमच्या पूर्वजांची निदान एक ओळ तरी वहीत सापडते, जिल्हा सापडतो. पकडून आणलेल्या माणसांची नावेही बदलली गेली, त्यांनी कोणत्या गावाचा आणि कोणत्या भाषेचा दाखला द्यावा? शाळेत आम्ही मुले मराठीच्या, हिंदीच्या, तमिळच्या वर्गात जायचो तेव्हा माझी क्रिओल समाजातली मैत्रीण रिकाम्या वर्गात बसून राहायची. तिची भाषा आम्ही सगळेच दिवसभर बोलत होतो आणि तिलाच भाषेचा तास नव्हता. क्रिओल हा विषय प्राथमिक शाळेत आला तो जानेवारी २०१२ मध्ये.

सप्टेंबर २०१८ मध्ये मात्र एक गोष्ट घडली, तिने मला फार समाधान दिले. स्वातंत्र्यापूर्वी, १९६५ मध्ये, ब्रिटनने शागोस बेटे मॉरिशसपासून तोडली होती आणि पुढे तिथल्या साऱ्या रहिवाशांना हुसकावून लावले. त्याबद्दलच्या सुनावणीत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर मॉरिशसने लिझबी एलिझे या शागोसच्या महिलेची चित्रफीत दाखवली. तरुणपणी आपल्याला बेटावरून जहाजात घालून कसे नेले, हे त्या क्रिओलमध्ये सांगत होत्या. आमच्या घटनेप्रमाणे संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी आहे आणि सदस्यांना फ्रेंचमध्येही बोलता येते. क्रिओलचा त्यात उल्लेख नाही. पण देशाचा सर्वांत मोठा दावा मांडताना देशाला तीच भाषा कामी आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाचे मत मॉरिशसच्या बाजूने आले, त्या दिवशी मी मराठीच्या वर्गात मुलांना ही सगळी हकीकत सांगितली, आणि क्रिओलमध्येच सांगितली.

आता पुन्हा तुमच्या प्रश्नाकडे येते. पुण्यातल्या दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत एका मैत्रिणीने मला रत्नागिरीजवळच्या तिच्या गावी नेले होते. रात्री अंगणात माणसे गोल करून उभी राहिली, पायांत घुंगरू, मध्ये ढोलकी आणि गाणारे. त्यांची पावले पडू लागली आणि मी जागच्या जागी थिजले. माझे वडील, माझे काका आमच्या गावी गणपतीत असेच नाचायचे. आम्ही त्याला झाकरी म्हणतो. मैत्रीण म्हणाली, ही आमची जाखडी. शब्दाचा उच्चार मधल्या समुद्रात थोडा झिजला होता, पावले झिजली नव्हती. गाणे संपल्यावर एका आजोबांनी मला तोच नेहमीचा प्रश्न विचारला, आणि मी काही बोलण्याआधी मैत्रीण त्यांना म्हणाली, "आजोबा, तिला पुढचं पाऊल माहीत होतं."

मी कोणत्या अर्थाने मराठी आहे, हे मी त्या रात्रीच्या आठवणीवरून सांगू शकते. मराठी ही माझी बोलण्याची भाषा म्हणून मला मिळाली नाही. ती मला पावलांतून आणि आरतीतून मिळाली, आणि बोलायला मी ती नंतर, मेहनतीने शिकले. मी महाराष्ट्राची हरवलेली लेक आहे, असे पाहुणे प्रेमाने म्हणतात तेव्हा त्यांचे प्रेम मला पोहोचते, पण तसे मला वाटत नाही. माझा देश मॉरिशस आहे, माझी मराठीही मॉरिशसची आहे, आणि ती क्रिओलच्या शेजारी राहूनच टिकली आहे. २०११ च्या जनगणनेत पूर्वजांची भाषा आणि घरी बोलण्याची भाषा असे दोन वेगळे प्रश्न होते. मी पहिल्यापुढे मराठी लिहिले आणि दुसऱ्यापुढे क्रिओल, आणि दोन्ही शब्द लिहिताना माझा हात अडखळला नाही.

सध्या मी आमच्या गावातल्या झाकरीची गाणी देवनागरीत उतरवून घेत आहे. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना शब्दांचा अर्थ ठाऊक नाही, उच्चार मात्र प्रत्येकाचा सारखा आहे. काही ओळी मलाही लागत नाहीत. त्यांत जुन्या कोकणी बोलीतले शब्द असावेत. रत्नागिरीकडे तुमच्या ओळखीचे कोणी म्हातारे जाखडीवाले असतील तर कळवा, त्या ओळी मी त्यांना वाचून दाखवीन.