सान मार्झानोच्या बाटल्या

दक्षिण इटलीतल्या नोचेरात राहायला आल्यावर पहिल्याच ऑगस्टमध्ये घरमालकीणबाईंनी फर्मान काढलं, "शनिवारी पहाटे पाचला खाली ये. जुने कपडे घालून."

अंगणात चादरींवर टोमॅटोच टोमॅटो. दोन दिवस आधीच आणून पसरलेले, म्हणजे उरलेसुरलेही नीट पिकतात. सान मार्झानो हे व्हेसुव्हियस ज्वालामुखीजवळच्या सार्नो नदीच्या खोऱ्यातलं जुनं वाण. त्या नावाचं गावही नोचेराहून फार लांब नाही. लांबट, खाली निमुळता. मी एक नुसताच खाल्ला आणि हिरमुसले. रसच नाही! बाईंनी दुसरा आडवा चिरून हातात दिला. आत दोनच कप्पे, मोजक्या बिया, बाकी सगळा गर. सॉस तासन् तास आटवत बसावं लागत नाही ते यामुळेच.

पहिलं काम निवडण्याचं. काहींच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग होता. मला वाटलं कीड लागली. तर नाही, पाणी देण्यात खंड पडला की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, आणि लांबट जातींना हा त्रास जास्तच. तेवढा भाग कापून टाकायचा. मग धुणं, चिरणं, मोठ्या पातेल्यात नरम होईस्तोवर उकळणं, पाणी निथळणं आणि यंत्रातून काढणं. एकीकडून गर, दुसरीकडून साली. त्या साली फेकायच्या नाहीत, पुन्हा एकदा यंत्रात घालायच्या; सगळ्यात दाट गर तेव्हाच निघतो. घरातली तीन पिढ्यांची माणसं राबत होती. मला आजोळच्या पापडांची आठवण आली, फक्त इथे लाटणाऱ्यांपेक्षा ओरडणारे जास्त.

माझ्याकडे बाटल्या भरायचं काम आलं. बिअरच्या जुन्या बाटल्या, प्रत्येकीत तुळशीच्या चुलतबहिणीचं, बाझिलिकोचं, एकेक पान. "वर बोटभर जागा सोड," बाईंनी बजावलं होतं. पण इतकी मेहनत करून बाटली अर्धवट का ठेवायची, म्हणून मी काठोकाठ भरत गेले. बुचं बसली. लोखंडी पिंपात गोणपाटात गुंडाळलेल्या बाटल्यांचे थर, वर पाणी, खाली लाकडांचा जाळ. उकळी फुटल्यावर थोड्या वेळाने आतून आवाज आला. फट्! मग आणखी दोन.

कुणी काही बोललं नाही. बाईंनी फक्त माझ्याकडे बघून एक बोट आडवं धरलं.

पिंप रात्रभर तसंच ठेवलं. गरम बाटलीला गार हवा लागली तर तीही तडकते. सकाळी शाबूत बाटल्या मोजून कोठीत गेल्या. या टोमॅटोला 1996 पासून युरोपचं डीओपी, म्हणजे मूळस्थानाच्या नावाचं, संरक्षण आहे. ते अख्ख्या सोललेल्या किंवा उभ्या कापलेल्या फळांच्या डबाबंद मालाला मिळतं, म्हणजे आमच्या पासाताला (टोमॅटोच्या गाळलेल्या गराला) ते लेबल लागणारच नव्हतं. मी हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "लेबल वाचून कोण जेवतं?"

माझ्या वाट्याला बारा बाटल्या आल्या. जानेवारीत एकीचं सार केलं, नारळाचं दूध आणि जिऱ्याची फोडणी घालून. बाईंना वाटीभर नेऊन दिलं. त्यांनी सगळं संपवलं, वाटी परत केली आणि विचारलं, "छान होतं. पण बाटली कुठाय? ऑगस्टला लागेल, धुऊन आण."