टिटवीचा पंप: हात कोरडा राहिला तेव्हा डोक्यात उजेड पडला

परवा रात्री अडीच वाजता शेजारच्या काकूंनी खिडकीतून हाक मारली, "काय ओ, तुमच्या त्या होडीत काय घुरघुरूलालंय रात्रभर? मांजर बिंजर अडकलंय काय बघा की." मांजर कुठलं, टिटवीचा, म्हणजे माझ्या होडीचा, बिल्ज पंप होता तो (बिल्ज म्हणजे होडीचा तळ, तिथं साचलेलं पाणी हा उपसतो). घुर्र, गप्प, घुर्र, गप्प. तीन सेकंद चालू, दोन सेकंद बंद, ताडपत्रीखाली संध्याकाळपासून हेच चाललेलं आणि मी आत पंखा लावून गाढ झोपलेलो. सकाळी मीटर लावला तर बॅटरी १०.९ व्होल्टवर. गेल्या वेळी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं ना की पाणी चढलं की पंप आपोआप लावणाऱ्या स्विचचा विषय संपला, आता डोलकाठी घेतो हातात? तो शब्द मागं घेतो. डोलकाठी अजून भिंतीला टेकून उभी आहे आणि तिच्यावर बायको टॉवेल वाळत घालते.

नवीन कोणी असेल तर थोडक्यात सांगतो. टिटवी १५ फुटी, सपाट तळाची, आयएस ७१० प्लाय (पाण्यात टिकणारं मरीन प्लाय) आणि इपॉक्सी गोंदाची, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर बेळगावात आमच्या अंगणात ट्रेलरवर उभी. (बेळगावात होडी कशाला हा प्रश्न विचारून झालेला आहे, सगळ्यांचा.) फळ्यांच्या खाली तळापर्यंत जागा फक्त ४५ मिलीमीटर. सगळं दुखणं ह्या ४५ मध्ये आहे. खोल बिल्जच्या होडीत पाणी एका जागी गोळा होतं आणि चढतं. आपल्या सपाट होडीत ते चढतच नाही, पसरतं. एक चौरस मीटरवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे दहा लिटर. टिटवीचा तळ अडीच चौरस मीटर धरा, म्हणजे पाच सेंटीमीटर पाणी व्हायच्या आत सव्वाशे लिटर आत आलेलं असतं, दोन माणसं येऊन झोपल्यासारखं, आणि बाजारातला नेहमीचा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत उठला की पंप लावणारा) साधारण त्याच पाच सेंटीमीटरला उठतो. माझा तर उठायचाही नाही, फळीलाच डोकं आपटायचं त्याचं.

स्विचचा इतिहास तुम्हाला पाठ झाला असेल, तरी आत्ताचं कळायला पटकन उजळणी करतो. टाकीचा दोरीवाला फ्लोट आणला, त्याला भोपळ्यासारखं लोंबकळायला जागा लागते, ती नाही, दुसऱ्या दिवशी घरच्या टाकीला लावला. मग वॉशिंग मशीनचा प्रेशर स्विच. ही कल्पना मला अजून आवडते बरं का. पालथी घंटी तळाशी, पाणी चढलं की आतली हवा दाबली जाते, बारीक नळीतून वर पडद्याला ढकलते आणि वर कोरड्यात टिक होतं, पाण्यात वीज नाहीच. उद्यमबागेतल्या (बेळगावची कारखान्यांची वस्ती) लेथवाल्या मामांनी स्टेनलेसची घंटी इतकी सुरेख करून दिली की ती शोकेसमध्ये ठेवावी, आणि शेवटी तिथंच ठेवली, कारण आमच्या मशीनचा स्विच वीतभर पाण्याशिवाय टिक करेना. मशीनला वीतभर पाणी म्हणजे काहीच नाही, टिटवीला म्हणजे बुडाल्यातच जमा. मग टाकीच्या कंट्रोलरच्या तीन सळया, पाण्यातून त्यांच्यात करंट गेला की कंट्रोलरला पाणी कळतं. मिठाच्या पाण्यात तीन दिवस ठेवल्या तर डीसी करंटनं एका सळईवर हिरवा राप चढला, आणि पाणी काढून घेतल्यावरसुद्धा खारट ओल सळयांना जोडूनच राहिली, कंट्रोलर म्हणतोय पाणी आहे, मी म्हणतोय नाही.

दर अडीच मिनिटांनी स्वतःच क्षणभर फिरून पाणी लागतंय का बघणारे पंप मिळतात, त्यांना स्विचच लागत नाही. चांगली सोय आहे, पण होडी पंधरा पंधरा दिवस ट्रेलरवर उभी राहणार आणि हा दिवसातून पावणेसहाशे वेळा डोकावणार, माझ्या म्हाताऱ्या बॅटरीला ते झेपणारं नाही. हलणारा भाग नसलेले इलेक्ट्रॉनिक सेन्सर, प्लास्टिकच्या आडून पाणी ओळखणारे, खरं सांगायचं तर उथळ बिल्जला तेच बरे. पण बाहेरून मागवायचे म्हणजे त्या पैशात दोन शीट प्लाय येतं आणि माझा जीव प्लायमध्ये जास्त.

म्हणून अखेर रीड फ्लोट. आडवा बसणारा, बोटाएवढा, आत चुंबक आणि काचेतला स्विच. तळावरच्या मागच्या दोन आडव्या पट्ट्यांमधल्या कप्प्यात, ४० बाय ३० सेंटीमीटरच्या, तो बसवला. २२ मिलीमीटरला चालू, १७ ला बंद. ह्या आकड्यांवर मी दोन आठवडे नाचत होतो. आठवत असेल, पहिला रीड चिकटून बसला होता, कारण मी शहाण्यासारखा पंप थेट त्याच्यावरच लावला, ह्या बारक्या स्विचला अर्धा अँपिअरसुद्धा जड आणि पंप घेतो अडीच. दुसरा रिलेवर (बारक्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावला तर तोही पाच दिवसांत चिकटला, रिलेची कॉइल बंद होताना जो झटका मारते त्यानं. कॉइलला उलटा एक १एन४००७ डायोड जोडला, चहाच्या घोटापेक्षा स्वस्त, त्यानंतर आजतागायत तक्रार नाही. हे तुम्ही दोघातिघांनी सांगितलेलं, मी ऐकलं नव्हतं, ठीक आहे.

तर मग हे रात्रभर घुरघुरणं कुठून आलं?

पहिला संशय अर्थात रीडवरच. काढला, घमेल्यात पाणी घेऊन पंप, रीड, रिले सगळं मांडलं, पंपाला फूटभर पाइप. एकदम झकास. पाणी वाढवा, चालू, उपसलं, बंद, आणि बंद म्हणजे बंद. परत होडीत बसवला, बादलीभर पाणी ओतलं. थोडं बाहेर गेलं आणि मग घुर्र, गप्प, घुर्र. परत घमेल्यात, झकास. होडीत, घुर्र. असं चार वेळा. पाचव्या वेळी मी ताडपत्रीखाली गुडघ्यावर बसून पंपाला जे काही बोललो ते लिहिता येत नाही, पोरगं पडवीत अभ्यास करत होतं ते उठून आत गेलं. दुसरा संशय लाटेचा, म्हणजे पंप सुरू झाला की कप्प्यात पाणी हिंदकळतं आणि फ्लोट नाचतो, म्हणून फ्लोटभोवती पीव्हीसी पाइपच्या तुकड्याची भिंत घातली, खाली दोन भोकं. काडीचा फरक नाही. तिसरा संशय वायरिंगवर. चौथा संशय, माझ्या एकूण बुद्धीवर.

मग चिडून, हे तरी बघू म्हणून बाहेर येऊन पाइपच्या तोंडाशी हात धरला. आत पंप घुर्र करतोय, गप्प होतोय, घुर्र करतोय. हात कोरडा. मिनिटभर धरला, थेंब नाही. पंप चालतोय, पाणी जातंय, आणि बाहेर काहीच येत नाही!

तिथंच ट्रेलरच्या चाकावर बसून मोबाइलवर गुणाकार केला. माझी पाइप एक इंची, कप्प्यापासून बाजूनं पुढं नेऊन काठाच्या खालून बाहेर काढलेली, दोन मीटर. एक इंची पाइपच्या दोन मीटरमध्ये मावतं जवळजवळ एक लिटर पाणी. कप्पा ४० बाय ३०, म्हणजे २२ पासून १७ पर्यंतचं पाच मिलीमीटर पाणी किती? ०.६ लिटर. पंप ते ०.६ लिटर पाइपमध्ये ढकलतो, पाइपच पुरती भरत नाही, तोवर फ्लोट म्हणतो संपलं पाणी, पंप बंद, आणि ते ०.६ लिटर पाइपमधून गडगडत परत कप्प्यात. पुन्हा २२. पुन्हा चालू. तेच पाऊण तांब्या पाणी रात्रभर जिना चढून उतरत होतं आणि त्याच्यासाठी मी बॅटरी जाळली! घमेल्यात फूटभरच पाइप होती म्हणून तिथं शहाणा.

आणि ती एक इंची पाइप कुणी लावली? मीच. पंपाचं तोंड पाऊण इंची आहे, मी मुद्दाम रिड्यूसर लावून मोठी जोडली, मोठी पाइप म्हणजे जास्त पाणी ह्या हिशोबानं. खोल कप्प्याच्या होडीत हे चाललं असतं, तिथं चालू-बंदमध्ये तीन सेंटीमीटरचं अंतर असतं, लिटरभर परत आलं तरी कुणाला कळत नाही. उथळ कप्प्यात मात्र आपण चालू-बंद जितकं जवळ आणतो तितकी पाइप बारीक पाहिजे. तीन महिने मी स्विच बदलत होतो.

मामांना फोन केला तर ते म्हणाले, "अरे त्यात काय, फूटवॉल लाव की, विहिरीवरच्या मोटारीला नसतो व्हय?" मलाही तेच सुचलेलं, उलटं पाणी अडवणारा वॉल्व टाकला की झालं. पण विचार करा. विहिरीवर मोटार वर असते, फूटवॉल खाली, तो मोटारीच्या तोंडाशी पाणी धरून ठेवतो. इथं पंपच पाण्यात, आणि वॉल्व त्याच्या डोक्यावर. पंपात थोडी हवा अडकली आणि वर पाण्याचा खांब उभा असला की हा बारका पंप ते झाकण उचलू शकत नाही, फिरतो नुसता. शिवाय बिल्जमध्ये काय काय असतं, लाकडाचा भुसा, इपॉक्सीचे कण, केस, वाळकं पान. झाकणात एक काडी अडकली की वॉल्व असून नसून सारखा, आणि झाकण बंदच चिकटलं तर होडी बुडेल पण पंप पाणी सोडणार नाही. बिल्जला वॉल्व नको असं जुनी माणसं सांगतात ते उगाच नाही. मामांना हे सगळं समजावलं, ते म्हणाले "बरं", पण पटलेलं नाही.

मग सरळ बेळगावचा खडे बाजार गाठला. पाऊण इंची, आतून गुळगुळीत पाइप मागितली. (ती व्हॅक्यूम क्लीनरसारखी वळ्यावळ्यांची घेऊ नका, वाकते छान पण वळ्यांमध्ये पाणी घासत जातं आणि धार कमी होते.) दुकानदार कन्नडमध्ये म्हणाला, "एष्टु फूट बेकु री?", किती फूट पाहिजे. मी म्हटलं चार फूट, तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बंडलाचं प्लास्टिक चार फुटांसाठी फाडायचं का. फाडलं बिचाऱ्यानं. आता पाइप कप्प्यातून सरळ वर आणि मागच्या फळीतून बाहेर, १.२ मीटर. तोंड पाण्याच्या रेषेच्या वीतभर वरच ठेवलंय, आखूड करायच्या नादात खाली आणलं तर होडी मागं बसली की बाहेरचं पाणी त्याच वाटेनं आत येईल. पाऊण इंचीच्या १.२ मीटरमध्ये पाणी मावतं ०.३४ लिटर, म्हणजे कप्प्यात परत येतं तीन मिलीमीटरहून कमी. १७ वर बंद, परत येऊन जेमतेम २०. बावीसला पोचत नाही!

बादली ओतली. घुर्र, बाहेर हातावर धार, गप्प. मी वाट बघत बसलो. गप्पच. मंडळी, अंगणात पाच मिनिटं एका पंपाच्या शांततेकडं कान लावून बसण्यात जे सुख आहे ते घरच्यांना सांगून कळत नाही.

वर आणखी एक बारका टायमर टाकला, फ्लोट बंद झाल्यावर पंप पाच सेकंद जास्त चालवतो. पंपाच्या जाळीला हवा लागेपर्यंत, म्हणजे साधारण १५ मिलीमीटरपर्यंत पाणी जातं, आणि चालू-बंदमधलं अंतर आपोआप वाढतं. महागड्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरांतही असा उशीर घातलेला असतो, ते मला नंतर लक्षात आलं.

वायरिंग बदललेलं नाही. पंप आपोआप चालवणारी वायर मेन स्विचच्या आधीच बॅटरीवरून, वीतभरात फ्यूज, आणि हातानं चालवायला वेगळं बटन. मेन स्विच बंद करून घरी गेलात आणि पंपही बंद झाला तर त्या पंपाचा उपयोग काय.

आता उरलं ते शेवटचं दीड सेंटीमीटर. तो पंप खाली जातच नाही, आणि उथळ होडीत दीड सेंटीमीटर म्हणजे सगळा तळ ओला, प्लायला तेच वाईट. ह्याच्यावर काही लिहिणार नव्हतो, स्पंज आहे की, पण हे टाइप करता करता डोक्यात आलं, फवारणी पंप! बॅटरीवरचा, पाठीवर घ्यायचा. त्याच्या आत १२ व्होल्टचाच डायफ्रॅम पंप असतो, मिनिटाला तीनचार लिटरच देतो पण वर कोरड्यात बसवता येतो, बारीक नळी तळाला टेकवली की पार शेवटपर्यंत ओढतो, आणि झडपा त्याच्या आतच असल्यामुळं परत येण्याची भानगड नाही. कचरा मात्र त्याला चालत नाही, तोंडाशी चांगली जाळी पाहिजे. म्हणजे मोठा पंप संकटासाठी, हा पुसून घ्यायला. वाऱ्यात होडी कलली की पाणी एका बाजूला पळतं आणि मधला फ्लोट कोरडा राहतो, तोही प्रश्न आहेच, त्यासाठी दोन्ही कडांना एकेक रीड टाकून तिन्ही समांतर जोडायचे, रिले तोच. आधी मी कडेला दुसरा पंप बसवणार होतो, ते रद्द.

काल रात्री पाऊस चांगला होता, ताडपत्रीला दोन भोकं आहेत तीही मुद्दाम तशीच ठेवली. जुना मोबाइल होडीत रेकॉर्डिंगला लावून झोपलो. सकाळी पळवत पळवत ऐकलं, बारा ते सहा, पंप अकरा वेळा लागला, प्रत्येक वेळी एकदाच. बॅटरी १२.४. काकूंनी दारात थांबवून विचारलं, "विकलासा काय मशीन?"

रविवारी चिकोडीकडं सासुरवाडीला जाणार, सासऱ्यांच्या उसाच्या शेडमध्ये एक बंद पडलेला फवारणी पंप आहे. बायकोनं फोनवर विचारलं तर ते म्हणाले न्या, पण टाकी आणि पट्टे इथंच ठेवा, आणि चालू असलेल्याला हात लावू नका.